जर्मनीतला वेग आणि सोलापूरचे कॅमेरे: एका संदेशाचा प्रतिवाद

सोलापूर–पुणे रस्त्यावर एखाद्याला वेगाचे ई-चलन आले की एक ठरलेला संदेश पुन्हा फिरू लागतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: 'जर्मनीच्या महामार्गांवर वेगाला मर्यादाच नाही, तरी तिथे आपल्यापेक्षा कितीतरी कमी माणसे मरतात, म्हणजे माणूस वेगाने नाही, बेशिस्तीने मरतो. शिस्त त्यांच्या रक्तात आहे, आपल्याकडे ती येणे नाही. तेव्हा इथले कॅमेरे निव्वळ तिजोरी भरण्यासाठी आहेत आणि त्यांच्यापायी आपला वेळ जातो.' पहिले वाक्य अर्धे खरे आहे, आणि त्या अर्ध्या खऱ्याच्या आधाराने बाकीचे सगळे खपून जाते.

जर्मनीच्या ऑटोबानचा, म्हणजे तिथल्या द्रुतगती महामार्गांचा, बराच मोठा भाग मोटारींसाठी मर्यादेविना आहे, हे मान्य. परंतु १९७८ पासून तिथे ताशी १३० किलोमीटरची शिफारस लागू आहे, आणि त्याहून वेगात असताना अपघात झाला तर चूक समोरच्याची असूनही नुकसानीचा काही वाटा आपल्या माथी येऊ शकतो. साडेतीन टनांवरील मालट्रकला तिथे ८० ची मर्यादा आहे; गावात ५० ची आणि गावाबाहेरच्या साध्या रस्त्यांवर १०० ची मर्यादा मोटारींनाही आहे. ज्या वाहनाची रचनाच ताशी ६० हून अधिक वेगाची नाही, त्याला ऑटोबानवर प्रवेश नाही. सायकलस्वार आणि पादचारी यांनाही नाही.

आता आपला चौपदरी रस्ता पाहावा. गळीत हंगामात मोहोळच्या अलीकडे संध्याकाळी दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर पुढे असतो, मागे दिवा नसतो, उसाची वाढी लोंबत असतात, आणि तो थांबलेला आहे की चालू आहे हे पन्नास पावलांवर आल्याखेरीज कळत नाही. कोंडी गावाजवळ मी अनेकदा पाहिले आहे की दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल दुभाजकाला घासून उलट्या दिशेने येते, कारण वळायची जागा लांब आहे आणि पेट्रोल त्याच्या खिशातले आहे. कोजागरीला तर तुळजापूरच्या रस्त्याने माणसांचा लोंढाच पायी निघतो. ऑटोबान सुरक्षित आहे तो या सगळ्यांना बाहेर ठेवल्यामुळे. मर्यादा नसल्यामुळे नव्हे. जर्मनीतले बहुसंख्य मृत्यू ऑटोबानवर होत नाहीत, ते गावाबाहेरच्या साध्या दुतर्फा रस्त्यांवर होतात, जिथे समोरून वाहन येते आणि कडेला झाडे असतात. आपले महामार्ग ऑटोबानपेक्षा त्या रस्त्यांच्या अधिक जवळचे आहेत.

'वेगाने माणूस मरत नाही' या वाक्याला उत्तर साध्या गणितात आहे. रस्ता कोरडा, ब्रेक चांगले आणि चालकाला भानावर यायला एक सेकंद लागतो असे धरले, तर ताशी ५० च्या वेगातली मोटार सुमारे २८ मीटरमध्ये पूर्ण थांबते. ताशी १०० च्या वेगात त्याच २८ मीटरवर चालकाचा पाय नुकता ब्रेकवर पोहोचलेला असतो. गाडी थांबायला आणखी सुमारे ५५ मीटर लागतात. देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली आणि त्यांतले सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर नोंदले गेले. या दुसऱ्या आकड्यावर मात्र मी फार भिस्त ठेवणार नाही, कारण 'हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगात' हे शब्द आपल्या फिर्यादीत सवयीनेच उमटतात.

रक्तातल्या शिस्तीचा दावा सर्वांत लोकप्रिय आहे आणि सर्वांत पोकळही. १९७० साली दोन्ही जर्मनींत मिळून २१ हजारांहून अधिक माणसे रस्त्यांवर मेली. २०२३ मध्ये हा आकडा तीन हजारांच्याही खाली होता. मधल्या काळात गाड्या कितीतरी वाढल्या, रक्त तेच राहिले. बदलले ते साध्या रस्त्यांवर १९७२ मध्ये आलेली १०० ची मर्यादा, सीटबेल्टची सक्ती, गाड्यांची बांधणी, तातडीचे उपचार. फ्रान्समध्ये २००२ साली सात हजारांहून अधिक बळी गेले होते. २००३ च्या ऑक्टोबरमध्ये स्वयंचलित कॅमेरे सुरू झाले, मद्यपी चालकांविरुद्धची कारवाईही कडक झाली, आणि २०१० पर्यंत आकडा चार हजारांखाली आला.

उलटे उदाहरण अबुधाबीचे. तिथे फलकावरच्या मर्यादेपुढे २० किलोमीटरची सूट असे, म्हणून खरी मर्यादा २० ने अधिक आहे असे धरूनच सगळे चालत; ऑगस्ट २०१८ मध्ये ती सूट रद्द करावी लागली. आखातात बरीच वर्षे ट्रक चालवून आलेले अक्कलकोट रोडचे एक काका याचे मर्म एका वाक्यात सांगतात: "तिथं कॅमेरा कुणाला वळखत नाही, इथं खांब कुठाय ते आपल्याला ठाव असतंय."

तिजोरीच्या आक्षेपात थोडे तथ्य आहे. कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी सूचनाफलक हवा आणि यंत्राला प्रमाणपत्र हवे असे केंद्राचे नियम सांगतात; जिथे फलक नाही तिथे तक्रार रास्तच आहे. खांबापाशी ब्रेक, खांब गेला की पुन्हा ॲक्सिलरेटर, आणि समोरून येणाऱ्यांना डिपर देऊन सावध करणे, हा खेळही आपण रोज पाहतो. त्यावर उपाय कॅमेरे काढण्याचा नाही. दोन ठिकाणांमधला सरासरी वेग मोजण्याचा आहे. राहिली दंडाची रक्कम. फिनलंडमध्ये दंड उत्पन्नाच्या प्रमाणात बसतो, आणि २०२३ मध्ये तिथल्याच ऑलंड बेटांवर ५० च्या जागी ८२ ने गाडी नेणाऱ्या एका उद्योगपतीला १ लाख २१ हजार युरो भरावे लागले. आपल्याकडे मोटारीला हजार ते दोन हजार रुपये, म्हणजे पुण्याला जाऊन येण्याच्या डिझेलइतकेही नाहीत, आणि तेही 'लोकअदालतीत निम्म्यावर मिटेल' म्हणून पडून राहतात.

शेवटी वेळ. सोलापूर ते पुणे साधारण २५० किलोमीटर. सोलापूरच्या बाळ्यापासून पुण्याच्या हडपसरपर्यंत कुठेही पाय न काढता १०० ऐवजी १२० ने गाडी हाकली, तर २५ मिनिटे वाचतात. आणि वाटेत लांबोटीला चिवडा घ्यायला थांबणाऱ्याची त्याहून अधिक जातात.