‘आयपी बॅन करा, त्रास संपेल’ या मेसेजमधला एकेक मुद्दा

ऑनलाइन गेम खेळणाऱ्यांच्या ग्रुपांमधून एक लांबलचक मेसेज जोरात फिरतोय. शिवीगाळ करणारे, हॅक वापरणारे, मुद्दाम खेळ बिघडवणारे, सगळ्यांवर एकच औषध म्हणजे आयपी बॅन, म्हणजे ज्या आकडी पत्त्यावरून (आयपी) माणूस इंटरनेटवर येतो तो पत्ताच अडवणं, असं त्यात छातीठोकपणे सांगितलंय. मुद्दे पाच. एक आयपी म्हणजे एक माणूस. आयपी बदलणं साध्या खेळाडूला जमत नाही. घरातल्या बाकीच्यांना फटका बसला तर उलट बरंच, तेच त्याला आवरतील. आयपीवरून घर सापडतं, तेव्हा तो चारचौघांत जाहीर करा. आणि नुसता आयडी (खेळाडूचं खातं) बॅन करणं व्यर्थ आहे. शेवटी नेहमीचं, ‘प्रत्येक अ‍ॅडमिनपर्यंत पोचवा’. माझा भाचा मित्रांसाठी माइनक्राफ्टचा सर्व्हर चालवतो. त्याच्यापर्यंत तो पोचला आणि त्याने बॅन करायच्या आयपींची यादी करायला घेतली, म्हणून हे सविस्तर लिहितोय. पाचातले चार मुद्दे चूक आहेत, पाचवा अर्धा खरा.

पहिल्या मुद्द्यावर बाकीचे सगळे उभे आहेत आणि नेमका तोच खोटा आहे. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे एकूण साधारण ४२९ कोटी. त्यांचा जागतिक मोकळा साठा फेब्रुवारी २०११मध्येच संपला. तेव्हापासून बरेच इंटरनेट पुरवठादार, मोबाइल कंपन्या तर विशेषकरून, एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात. याला सीजी-नॅट म्हणतात. एका पत्त्यामागे ६५,५३६ पोर्ट, म्हणजे वेगवेगळ्या जोडण्या ओळखण्याचे क्रमांक असतात. पहिले १,०२४ बाजूला ठेवून प्रत्येक ग्राहकाला १,०००चा गठ्ठा दिला, तर एका आयपीवर ६४ जण बसतात. ५००चा दिला, तर १२९. तुमच्या सर्व्हरला हे सगळे एकाच आयपीवरून आलेले दिसतात. पडताळून पाहायचं असेल, तर राउटरच्या सेटिंगमध्ये वॅनचा (बाहेरच्या नेटवर्कच्या बाजूचा) पत्ता बघा आणि ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या एखाद्या साइटवरचा बघा. दोन्ही वेगळे आले आणि राउटरमधला १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्हीही सीजी-नॅटमागे आहात. पत्त्यांची ती पट्टी २०१२मध्ये याच कामासाठी राखून ठेवली गेली.

हा माझ्या मताचा प्रश्न नाही. इंटरनेटची तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफचा आरएफसी ६२६९ हा जून २०११चा दस्तऐवज वाचा. एक पत्ता अनेकांत वाटला की काय काय बिघडतं, हाच त्याचा विषय आहे. गैरवर्तन झालं म्हणून पत्ता अडवण्यावर त्यात वेगळा भाग आहे, आणि एकाच्या करणीची शिक्षा त्या पत्त्यावरच्या बाकीच्यांना होते, हे तिथे स्पष्ट मांडलंय. मेसेज लिहिणारा एवढ्या वर्षांनंतरही ‘एक आयपी एक माणूस’ म्हणतो. विकिपीडियावर २००६ संपता संपता एका उपद्रवी आयपीला अडवलं गेलं आणि कतारमधल्या खातं नसलेल्या लोकांना काही तास संपादनच करता येईना, कारण त्या देशाची जवळजवळ सगळी रहदारी त्या एका पत्त्यातून बाहेर पडत होती.

लहान सर्व्हर चालवणाऱ्यांसाठी यात आणखी एक खड्डा आहे. बंजीकॉर्ड किंवा व्हेलॉसिटीसारखा प्रॉक्सी, म्हणजे खेळाडूंना आधी स्वतःकडे घेऊन मग मागच्या सर्व्हरकडे पाठवणारा प्रोग्राम, पुढे ठेवलाय आणि आयपी पुढे पाठवण्याची सेटिंग चालू नाही, असं असेल तर मागच्या सर्व्हरला प्रत्येक खेळाडू प्रॉक्सीच्याच आयपीवरून आलेला दिसतो. तिथे एकाला आयपी बॅन केलं की सर्व्हर पूर्ण रिकामा होतो आणि कोणालाच परत येता येत नाही. डीडॉसपासून (रहदारीचा पूर सोडून सर्व्हर बंद पाडण्यापासून) वाचवणारी सेवा पुढे लावली असेल तरी हेच होऊ शकतं. म्हणून आधी लॉग (सर्व्हरची नोंदवही) उघडा. दोन वेगळ्या घरांतले खेळाडू एकाच आयपीवर दिसत असतील, तर आधी ती सेटिंग दुरुस्त करा. बॅनचं नंतर.

आता तिसरा मुद्दा. मला सगळ्यात जास्त चीड याची आली. ‘घरच्यांना फटका बसला तर बरंच.’ कोणते घरचे? वसतिगृहाचं वायफाय, कॉलेजचं नेटवर्क, गेमिंग कॅफे, नाहीतर सीजी-नॅटमागची ती उरलेली ६३ अनोळखी माणसं, यातलं कोणीही त्या शिवीगाळ करणाऱ्याला ओळखत नाही. ती त्याला काय आवरणार? त्यांना फक्त ‘तुम्हाला बॅन केलं आहे’ एवढंच दिसतं. कारण कळत नाही, दाद कुठे मागायची तेही कळत नाही. एकाच घरातली दोन भावंडं असली तरी एकाच्या तोंडाळपणासाठी दुसऱ्याला बाहेर काढण्याचं समर्थन होत नाही. माइनक्राफ्टची बॅन-आयपी ही कमांड दिली की या बॅनचा किती खेळाडूंवर परिणाम होतोय ते सर्व्हर लगेच सांगतो. पण तो आकडा त्या क्षणी ऑनलाइन असलेल्यांचाच असतो. संध्याकाळी येणारे त्यात मोजलेले नसतात.

दुसरा मुद्दा फार वेळ घेण्यासारखा नाही. मोबाइल डेटावर विमान मोड चालू करून बंद केला की बऱ्याचदा नवा आयपी मिळतो. घरच्या जोडणीवर राउटर बंद-चालू केला की अनेकदा तेच होतं. नाहीतर मित्राचा हॉटस्पॉट आहेच, खरा आयपी लपवणाऱ्या व्हीपीएनसाठी पैसेही मोजावे लागत नाहीत. त्याने सोडलेला जुना पत्ता पुरवठादार दुसऱ्या ग्राहकाला देतो आणि बॅन त्या दुसऱ्याच्या गळ्यात पडतो. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत एकेक पत्ता बॅन करण्याला तर काहीच अर्थ नाही. तिथे खाजगीपणासाठी उपकरणं तात्पुरते पत्ते वापरतात आणि ते साधारण रोज बदलतात. अडवायचंच तर किमान /६४चा (पहिले ६४ बिट सारखे असलेल्या पत्त्यांचा) पूर्ण गट अडवावा लागतो, आणि पुरवठादाराने /५६चा मोठा गट दिला असेल तर त्या ग्राहकाकडे असे २५६ गट असतात.

चौथा मुद्दा धोकादायक आहे. आयपीवरून ठिकाण सांगणाऱ्या साइट अंदाज बांधतात, तोही बहुधा पुरवठादाराच्या शहरापुरता. नेमका ग्राहक कोण, हे फक्त पुरवठादाराला ठाऊक असतं आणि तो ते कायदेशीर मागणीशिवाय सांगत नाही. अंदाजाला पुरावा मानलं की काय होतं, ते अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात दिसलं. मॅक्समाइंड या कंपनीच्या नोंदींत ‘अमेरिकेत कुठेतरी’ एवढंच माहीत असलेल्या ६० कोटींहून जास्त आयपींसाठी देशाच्या मध्याजवळचा एक बिंदू दिलेला होता. तो बिंदू एका शेतघरावर पडत होता. तिथल्या निरपराध लोकांच्या दारात वर्षानुवर्षं पोलीस आणि संतापलेली माणसं येत राहिली. हे प्रकरण २०१६मध्ये उघड झालं. तेव्हा कुणाचाही आयपी ग्रुपवर टाकू नका. खरोखर धमकीची तक्रार असेल, तर तारीख, सेकंदापर्यंतची वेळ, टाइमझोन आणि लॉगमध्ये आयपीनंतरच्या विसर्गचिन्हापुढे दिसणारा पोर्ट क्रमांक, एवढं जपून ठेवा आणि पोलिसांना द्या. सीजी-नॅटमागचा माणूस पोर्टशिवाय पुरवठादारालाही सहसा सापडत नाही.

पाचव्या मुद्द्यात तथ्य आहे, ते मान्य करावंच लागेल. आयडी फुकट असेल तर बॅन झालेला दोन मिनिटांत नवा काढतो. बॉटची (आपोआप चालणाऱ्या खोट्या खेळाडूंची) झुंड आदळते तेव्हा, किंवा कोणीही कोणतंही नाव घेऊन येऊ शकेल अशा ऑफलाइन मोडच्या सर्व्हरवर, आयपी अडवण्यावाचून गत्यंतर नसतं. पण तास-दोन तास, फार तर एक दिवस. विकिपीडियाचा आपोआप लागणारा आयपी अडसरही २४ तासांनी सुटतो. शिवाय तिथे पत्ता अडवताना जुन्या खात्यांना मोकळं ठेवून फक्त नवी खाती आणि खात्याविना संपादन रोखण्याची सोय आहे. गेममध्येही हेच करा. आयडी बॅन करा, तोही नावावर न करता यूयूआयडीवर (खात्याच्या न बदलणाऱ्या क्रमांकावर), कारण नाव बदलता येतं. त्या आयपीवरून गेल्या ३० दिवसांत किती आयडी आले ते पाहा. एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार दिसले, तर आयपीला हात लावू नका. नव्या आयडींना पहिले काही तास चॅट बंद ठेवा. दोन मिनिटांत काढलेल्या आयडीचा उपयोगच त्यामुळे उरत नाही.

मेसेज वाचून ज्यांनी आधीच धडाधड आयपी बॅन केले आहेत, त्यांनी एक गोष्ट तपासावी. माइनक्राफ्ट जावा आवृत्तीत बॅन-आयपी कमांडला मुदत देताच येत नाही, त्यामुळे असा प्रत्येक बॅन कायमचा लागतो. सर्व्हर बंद करा, बॅन झालेल्या आयपींची जेसॉन फाइल उघडा आणि प्रत्येक नोंदीत मुदतीच्या जागी ‘फॉरएव्हर’ असेल तिथे उद्याची तारीख-वेळ घाला. स्वरूप त्याच नोंदीत वर दिसणाऱ्या बॅनच्या तारखेसारखंच ठेवा. मग सर्व्हर सुरू करा. एखाद-दुसराच पत्ता असेल, तर बॅन उठवणारी पार्डन-आयपी कमांड पुरेशी आहे.