पेनड्राइव्ह माझा, मालक मात्र रूट

सीताबर्डीवरून घेतलेला पेनड्राइव्ह लिनक्सला टर्मिनलातून, म्हणजे कमांड टाइप करून, माउंट करा (सिस्टिमला जोडा), फाइल टाकायला जा, की तेच: परमिशन डिनाइड! काहून? तर मालक रूट, म्हणजे लिनक्समधला सर्वाधिकारी युजर. मालक बदलायची chown (चाऊन) कमांड मारावी तर पेनड्राइव्हच्या फॅट३२ फॉरमॅटवर तीही चालत नाही, कारण त्या फॉरमॅटमध्ये मालकी नोंदवायला जागाच नाही. यूआयडी (मालकाचा नंबर), यूमास्क (कोणाला काय परवानगी नाही ते) सगळं माउंट करतानाच द्यावं लागतं. एररमध्ये यातलं एक अक्षर नसतं! विंडोजवाल्याची एनटीएफएस (विंडोजचा फॉरमॅट) डिस्क आली की अजून डोक्याला ताप. विंडोज लवकर सुरू व्हावं म्हणून दिलेल्या फास्ट स्टार्टअपमुळे ती धड बंदच झालेली नसते, म्हणून नुसती वाचायला मिळते. इकडे ४५ डिग्रीच्या उन्हात माणूस लग्नाचे फोटो न्यायला दारात उभा. अरे, अडवायचं तर अडवा, पण निदान कारण तरी स्क्रीनवर लिहा ना!