टेकायला जागा

माझं वय बासष्ट. उजव्या गुडघ्याचं ऐंशीच्या आसपास. त्यामुळे कुठेही गेलो तरी मी आधी देऊळ किंवा समुद्र बघत नाही, टेकायला काय आहे ते बघतो. म्हणून लेक म्हणाली, "बाबा, शनिवारी तुम्हा दोघांना फर्निचरच्या प्रदर्शनाला नेते," तेव्हा मला मनापासून आनंद झाला. जगातल्या उत्तमोत्तम खुर्च्या एका छपराखाली! गुडघ्याला म्हटलं, बाबा रे, तुझी पंढरी आली.

लेक मिलानला असते, फर्निचर डिझाइन करणाऱ्या एका ऑफिसात. प्रदर्शनाचं नाव सालोने देल मोबिले. १९६१ पासून चाललंय. एरवी ते धंद्यातल्या लोकांचं, पण शनिवार-रविवारी आमच्यासारख्या रिकामटेकड्यांनाही आत घेतात. लाल मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनावर, रो इथे, उतरायचं. तिथे फुक्सास नावाच्या आर्किटेक्टनं केलेला काचेचा एक प्रचंड मांडव आहे, किलोमीटरहून लांब. आता मांडव म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पुढच्या रांगेत सोफे, मागे प्लॅस्टिकच्या खुर्च्या. हा मांडव नुसता चालायचा. दालनं त्याच्या दोन्ही बाजूंना.

पहिल्याच दालनात एक खुर्ची दिसली. पितळी तारांची, नाजूक, चौथऱ्यावर ठेवलेली. मी हात पुढे केला तर लेक पुटपुटली, "बाबा, हात नको लावूस."

"बसायचं कसं मग?"

"ही बसायची नाहीये."

सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, चष्मा कपाळावर नेऊन नीट पाहिलं आणि म्हणाली, "पापड भाजायची जाळी आहे. मोठी केलीय."

बसायला सगळीकडे बंदी होती असं नाही, खोटं का बोला. पण जिथे परवानगी होती तिथे आधीच कुणीतरी काळ्या कपड्यातला आर्किटेक्ट फोनवर बोलत पसरलेला असे. शेवटी एक भला मोठा राखाडी सोफा रिकामा मिळाला. बसलो. म्हणजे बसायला सुरुवात केली. त्याची पाठ इतकी मागे होती की ती लागेपर्यंत पाय जमिनीवरून सुटले आणि मी बारशाच्या बाळासारखा तंगड्या वर करून छताकडे बघत राहिलो. तेवढ्यात हातात टॅबलेट घेऊन एक चुणचुणीत मुलगी हजर. कुठल्या प्रोजेक्टसाठी बघताय? हॉटेल? व्हिला?

"डोंबिवली," सुनंदा म्हणाली. "वन बीएचके."

मुलीनं गंभीरपणे स्पेलिंग विचारलं. सुनंदानं तितक्याच गंभीरपणे सांगितलं, वर माझा ईमेलही दिला. लेक तोवर शेजारच्या खांबामागे गेली होती. मला उठवायला दोघी लागल्या. तेव्हापासून दर आठवड्याला मेल येते: 'डिअर मिस्टर डोंबिवली'.

दिव्यांचं प्रदर्शन, एउरोलुचे, एक वर्षाआड असतं. २०२५ ला ते होतं, म्हणून आम्हाला दोन्ही घडलं. त्या दालनात अंधार. अंधारात दिवेच दिवे, पण बल्ब कुठे दिसेल तर शपथ. कुठे नुसता दोरा उजळलेला, कुठे दगडाला आतून उजेड. बटण तर कशालाच नाही. हात दाखवा, टिचकी मारा, फोनला सांगा. आमची अडचण वेगळीच झाली. दिवा लागला की हात जोडायचे, हे सुनंदाच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं. पहिल्या पाच मिनिटांतच तिचे वीसेक नमस्कार झाले. एका स्टॉलवरच्या पोराला वाटलं त्यालाच केला. त्यानं कमरेत वाकून "नमस्ते" म्हटलं. सुनंदानं परत केला. त्यानंही परत केला. लेकीनं दोघांना सोडवलं.

तसे आदल्या दिवशी आम्ही गावात, ब्रेरा भागात, दिवे पाहून तयार झालो होतो. प्रदर्शनाच्या आठवड्यात सगळं मिलानच दुकान मांडून बसतं. तिथे एका काचेमागे चक्क पूर्ण उंचीचा काळा घोडा होता आणि त्याच्या डोक्यावर शेडचा दिवा. फ्रंट नावाच्या स्वीडिश डिझायनर मुलींची २००६ सालची करामत. मला त्यात कल्पकतेपेक्षा काटकसर दिसली. आपल्याकडे वरातीत घोडा वेगळा आणि डोक्यावर गॅसबत्ती घेणारा माणूस वेगळा. ह्यांनी एक माणूस वाचवला. दुसरीकडे उघड्या बल्बला हंसाच्या पिसांचे दोन पंख लावलेले. तो इंगो माउरर ह्या जर्मन माणसाचा, १९९२ चा. सुनंदा म्हणाली, "पावसाळ्यात पाखरं येतात म्हणून आपण दिवे घालवतो. इथे दिवाच पाखरू."

पण तिला मनापासून पटला तो एकच दिवा, आणि तो लेकीच्या ऑफिसात आहे. आर्को. कास्तिल्योनी भावांनी १९६२ साली केलेला. छताला भोक न पाडता जेवणाच्या टेबलावर उजेड यावा म्हणून कोपऱ्यात संगमरवराचा ठोकळा आणि त्यातून निघालेली लांबलचक स्टीलची कमान. ठोकळा ६५ किलोंचा. त्या ठोकळ्यात आरपार एक गोल भोक आहे. सुनंदानं बोट घालून विचारलं, "हे कशाला?"

"दिवा हलवायचा झाला तर त्यात झाडूचा दांडा घालायचा," लेक म्हणाली. "दोन टोकांना दोघांनी धरायचं."

सुनंदा दोन मिनिटं त्या भोकाकडे बघत होती. मग म्हणाली, "ह्यांच्या घरात कुणीतरी केर काढत होतं."

शनिवारी चारच्या सुमारास गुडघ्यानं संप पुकारला. लेक म्हणाली, चल, सातेलीतेला जाऊ. पस्तिशीच्या आतल्या नव्या डिझायनरांचा तो विभाग, १९९८ पासूनचा. तिथे प्रत्येक वस्तूशेजारी ती बनवणारं पोरच उभं. एका दाढीवाल्या पोरानं स्वतःच्या हातानं केलेली तीन पायांची खुर्ची पुढे सरकवली. बसा, म्हणाला. मी बसलो. खुर्ची किंचित कुरकुरली. ती की माझा गुडघा, सांगता येणार नाही, पण पोराचा श्वास थांबला. दहावीचा निकाल लागत असल्यासारखा तो माझ्या बुडाखाली बघत होता. आयुष्यात मला बसताना इतकं कुणी निरखून पाहिलेलं नाही. "छान आहे," म्हणून मी अर्ध्या मिनिटात उठलो. त्याचं काय व्हायचं ते होवो, माझ्याच्यानं ते बघवेना.

परत स्टेशनावर आलो तर तिथे सगळं जग पायऱ्यांवर बसलेलं. दिवसभर खुर्च्या बघितलेली, विकलेली, रेखाटलेली माणसं थंड दगडावर, बूट सैल करून. फलाटावर एकच बाक रिकामा व्हायच्या बेतात वाटला, तोही तिघांनी भरलेला. दोन इटालियन आजी आणि एक सूटवाला.

मी सत्तावीस वर्षं डोंबिवली-सीएसएमटी केलं आहे. तिघांच्या बाकावर चौथी सीट कशी घ्यायची, हे मला कुणी शिकवायला नको. पण परक्या गावात धीर होईना. तेवढ्यात लेक पुढे झाली. सहा वर्षं मिलानमध्ये राहून इटालियन फाडफाड बोलणारी, काळे कपडे घालणारी, पापडाच्या जाळीला हात लावू न देणारी माझी लेक. "पेर्मेस्सो," म्हणाली. आणि उजवा तळहात आडवा धरून हवेत दोनदा आडवाच ढकलला.

तिघंही सरकले. मी टेकलो. एका बाजूनंच, पण टेकलो.