मॅकवर जुने गेम चालत नाहीत? कोणते, ते आधी सांगा

मॅक घेतोय म्हटलं की मित्रमंडळींकडून एक सल्ला हमखास येतो: ‘लहानपणचे विंडोज गेम आता विसर. ॲपलची स्वतःची चिप आली आणि बूट कॅम्प गेलं. वाइन म्हणजे एम्युलेटर, त्यात गेम रखडत चालणार. रोसेटा बंद झालं की तेही संपलं. त्यापेक्षा साधा विंडोज लॅपटॉप घे, सीडी टाक, खेळ.’ (वाइन म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम विंडोजशिवाय चालवणारं सॉफ्टवेअर, एम्युलेटर म्हणजे दुसऱ्या आख्ख्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्रॅम, आणि रोसेटा म्हणजे इंटेलच्या चिपसाठीचे प्रोग्रॅम ॲपलच्या चिपवर चालवणारा ॲपलचा दुभाषा.) हे इतक्या ठिकाणी आणि इतक्या ठामपणे सांगितलं जातं की ऐकणारा निमूट मान डोलावतो.

यातलं एक वाक्य शंभर टक्के खरं आहे, ते आधी मान्य करतो. बूट कॅम्प गेलं. २००६ पासून इंटेलच्या मॅकवर विंडोज थेट टाकता यायचं. २०२० च्या शेवटी एम१ चिपचे मॅक आले आणि त्यांच्यावर ती सोय नाही. पण बूट कॅम्प गेलं म्हणून गेम गेले, हे कुठून काढलं?

मुळात ज्यांना आपण सरसकट ‘विंडोज गेम’ म्हणतो त्यातले कितीतरी विंडोजचे नाहीतच. सायबर कॅफेत आणि शाळेच्या लॅबमध्ये सर पाठमोरे झाले की सुरू व्हायचे ते ‘डेव्ह’ आणि ‘प्रिन्स’ डॉसवरचे, म्हणजे विंडोजच्या आधीच्या प्रणालीवरचे. त्यांना लागतो डॉसबॉक्स, म्हणजे जुन्या डॉस संगणकाची नक्कल करणारा प्रोग्रॅम. तो २००२ पासून आहे, फुकट आहे आणि ॲपलच्या चिपसाठी थेट बनवलेल्या त्याच्या आवृत्त्याही मिळतात. आणि गंमत बघा: ‘डेंजरस डेव्ह’ १९८८ साली आणि ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ १९८९ साली पहिल्यांदा आले ते ॲपल २ या संगणकावर. डॉसवर ते नंतर गेले. म्हणजे ‘ॲपलवर चालत नाही’ असं ज्यांच्याबद्दल सांगितलं जातं, त्यांचं माहेरच ॲपल!

आता ‘वाइन म्हणजे एम्युलेटर’. वाइनच्या नावाचा विस्तारच ‘वाइन इज नॉट ॲन एम्युलेटर’ असा आहे. १९९३ पासून चाललेल्या या प्रकल्पात आख्ख्या संगणकाची नक्कल होत नाही. गेम विंडोजकडे ‘खिडकी उघड’, ‘फाइल वाच’, ‘आवाज वाजव’ अशा ज्या मागण्या करतो, त्या वाइन स्वतः पुऱ्या करतं. इंटेलसाठी लिहिलेल्या सूचना ॲपलच्या चिपला समजतील अशा करायचं काम रोसेटा करतं. या भाषांतरात थोडा वेग जातो, नाही असं नाही. पण १९९९ च्या ‘एज ऑफ एम्पायर्स २’ ची किमान मागणी काय होती? १६६ मेगाहर्ट्‌झचा पेंटियम आणि ३२ एमबी रॅम. सगळ्यात साध्या एम१ मॅकमध्ये ८ जीबी आहे, म्हणजे २५६ पट. त्यातून थोडा वेग गेला तरी गावकऱ्यांची लाकूडतोड थांबत नाही.

यावर एक जोडमुद्दा येतो, की २०१९ च्या कॅटालिना या मॅकओएस आवृत्तीपासून मॅकने ३२-बिट, म्हणजे आताच्या ६४-बिटच्या आधीच्या पिढीचे, प्रोग्रॅम बंद केले आणि जुने गेम तर सगळे ३२-बिट. शंका रास्त आहे, पण तिचं उत्तर त्याच वर्षी आलं. क्रॉसओव्हर ही वाइनची विकत मिळणारी, बरीच सोपी केलेली आवृत्ती. तिने ६४-बिट मॅकवर ३२-बिट विंडोज प्रोग्रॅम चालवून दाखवले. गंमत म्हणजे त्या निर्णयाचा फटका बसला तो मॅकच्याच गेमना. ‘हाफ-लाइफ २’ ची मॅक आवृत्ती २०१० साली आली होती. ती ३२-बिटच राहिली आणि कॅटालिनावर बंद पडली. आता मॅकवर तो गेम खेळायला त्याची विंडोज आवृत्ती शोधावी लागते.

‘विंडोज लॅपटॉप घे, सीडी टाक, खेळ’ हा मात्र सगळ्यात फसवा मुद्दा. (सीडी ड्राइव्ह असलेला नवा लॅपटॉप कुठे मिळतो तेही सांगा.) त्या काळच्या शेकडो गेमच्या सीडीवर सेफडिस्क नावाचं कॉपी-संरक्षण होतं. ते ज्या ड्रायव्हरवर चालायचं, तो सुरक्षेच्या कारणावरून मायक्रोसॉफ्टने २०१५ साली विंडोज १० मधून काढून टाकला. म्हणजे रीतसर विकत घेतलेली सीडी नव्या विंडोजवर अडते. (आपल्याकडच्या बहुतेक सीड्यांना ही अडचण का येत नाही, ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.) शिवाय ६४-बिट विंडोज १६-बिट प्रोग्रॅम चालवत नाही. नव्वदीतल्या काही गेममध्ये गेम ३२-बिट पण त्याचा सेटअप १६-बिट असायचा, तिथे दारातच गाडी अडायची. २५६ रंगांचे जुने गेम नव्या विंडोजवर रंग विस्कटून दाखवतात ते वेगळंच. त्यावर सीएनसी-डीड्रॉसारखी छोटी फाइल गेमच्या फोल्डरमध्ये टाकतात, आणि तीच युक्ती वाइनमध्येही चालते. अडचण गेमच्या वयाची आहे. खापर फुटतं मॅकवर.

संरक्षण असलेल्या सीडीच्या नादी मॅकवरही लागू नका. जीओजी या ऑनलाइन गेम-दुकानात असे बरेच गेम संरक्षण काढून विकत मिळतात. काहींना तर वाइनही नको. ‘रोलरकोस्टर टायकून’ बहुतांशी असेंब्लीत, म्हणजे एकाच प्रकारच्या चिपला बांधलेल्या भाषेत लिहिलेला, त्यामुळे तो दुसऱ्या चिपवर नेणं जवळपास अशक्य. पण हौशी मंडळींनी त्याच्या दुसऱ्या भागाचं इंजिन नव्याने लिहून ‘ओपनआरसीटी२’ केला. मूळ गेमच्या फाइली त्याला दाखवल्या की तो मॅकवर थेट चालतो. ‘ट्रान्सपोर्ट टायकून’ साठी ओपनटीटीडी आहे. जुन्या पॉइंट-अँड-क्लिक गेमसाठी स्कमव्हीएम आहे.

राहता राहिलं रोसेटा. ॲपलने २०२५ मध्ये जाहीर केलं की ते मॅकओएस २७ पर्यंत पूर्ण राहील आणि त्यानंतर त्याचा काही भाग ठेवला जाईल, तोही जुन्या, आता कुणी सांभाळत नसलेल्या गेमसाठीच. वाइनला त्याचा कितपत आधार मिळेल हे तेव्हा कळेल. डॉसबॉक्स, ओपनआरसीटी२, स्कमव्हीएम यांना रोसेटा लागतच नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी हा सल्ला दिला तर ‘कोणता गेम, कोणत्या सालचा?’ एवढं विचारा. आणि उजव्या क्लिकसाठी एक साधा माउस घेऊन ठेवा; ट्रॅकपॅडवर ‘एज ऑफ एम्पायर्स’ खेळणं ही खरोखरची शिक्षा आहे.