एफसीसी छोटी एएम अँटेना दाबून ठेवतंय म्हणे, एकदा नीट बघूया

रेडिओवाल्यांच्या गप्पांत एक दावा सारखा फिरतोय: घराएवढ्या उंचीची छोटी अँटेना मोठ्या टॉवरइतकंच काम करते, पण अमेरिकेतलं एफसीसी, म्हणजे रेडिओ स्टेशनांना परवाने देणारं सरकारी खातं, टॉवरवाल्यांच्या दबावामुळे तिला परवानगी देत नाही आणि म्हणून तिथली एएम, म्हणजे मीडियम वेव्हवरची, स्टेशनं जमीन विकून बंद पडतायत. मला एएम मनापासून आवडतं, स्टेशनं टिकावीत असं वाटतं, म्हणूनच हे खोडायचंय, कारण असल्या गोष्टीवर विश्वास ठेवून एखादा छोटा मालक पैसे घालून बसतो.

"परवानगीच देत नाही" हे आधी घेऊ. स्टार-एच आणि किनट्रॉनिक लॅब्स या कंपन्यांची किनस्टार ही बुटकी अँटेना एफसीसीने मान्य केलेली आहे, विषय संपला. नियमात उंच टॉवरच हवा असं नाहीच, एकतर ठरलेली किमान उंची ठेवा, नाहीतर 1 किलोवॅटला 1 किलोमीटरवर ठरलेलं फील्ड, म्हणजे सिग्नलची ताकद, मिळतं हे दाखवा. लोकल म्हणजे क्लास सी स्टेशनांसाठी हा आकडा 241 मिलिव्होल्ट प्रति मीटर होता, 2015 मध्ये एएमला हात द्यायचा म्हणून तो साधारण 25 टक्के खाली आणला, आता 180 च्या आसपास आहे. दाबायचंच असतं तर अट सैल कशाला केली असती?

आता "उंचीने काही फरक पडत नाही". 1240 किलोहर्ट्झ घ्या, वेव्हलेंग्थ 242 मीटर, क्वार्टर वेव्ह, म्हणजे वेव्हलेंग्थच्या पाव उंचीचा, टॉवर 60 मीटरचा. त्याऐवजी 12 मीटरचा नुसता खांब उभा केला तर रेडिएशन रेझिस्टन्स (पॉवरचा किती भाग लहरी होऊन बाहेर जातो ते ठरवणारा आकडा) 36 ओहमवरून जेमतेम 1 ओहमवर येतो. समजा जमीन आणि अँटेना जुळवायची कॉइल मिळून लॉस 2 ओहम, तर तीनातले दोन भाग पॉवर नुसती उष्णता होऊन जाते आणि फील्ड येतं 173 च्या आसपास, म्हणजे सैल केलेल्या अटीतही नापास. पण त्याच 12 मीटरवर वरती तारांची मोठी छत्री टाकली की रेझिस्टन्स जवळजवळ चौपट होऊ शकतो, फील्ड 240 च्या पुढे जातं आणि पास! किनस्टारमध्येही वरच्या आडव्या तारांचं काम हेच आहे. त्यामुळे छोटी अँटेना अशक्य आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, पण ती फुकटात होत नाही.

"मग ट्रान्झिस्टरमधल्या बोटभर फेराइट रॉडवर (हीच त्याची आतली अँटेना) मुंबई आकाशवाणीचं 1044 किलोहर्ट्झ कसं लागतं?" हा प्रश्न हमखास येतो आणि प्रश्न चांगला आहे. मीडियम वेव्हवर हवेतलाच गोंगाट, विजांचा, मोटारींचा, इतका असतो की रॉडने सिग्नल कमी उचलला तर गोंगाटही तेवढाच कमी उचलला जातो, दोघांचं प्रमाण फारसं बदलत नाही, पुढे अ‍ॅम्प्लिफायर आहेच. ट्रान्समीटरला ही सोय नाही, तिथे वाया गेलेला वॅट कायमचा गेला, वीजबिल मात्र पूर्ण.

क्रॉस्ड फील्ड अँटेनाचं नाव घेऊन पण खूप लोक भांडतात. हीसुद्धा बुटकी अँटेना, मॉरिस हेटली आणि फथी कब्बारी वगैरे संशोधकांची कल्पना, इजिप्तमध्ये वापरल्याचे मोठे दावे झाले. ब्रिटनजवळच्या आयल ऑफ मॅन बेटावर 279 किलोहर्ट्झचं लाँगवेव्ह स्टेशन तिच्यावर उभं राहणार होतं, ते कधीच हवेवर आलं नाही, आणि आयल ऑफ मॅन एफसीसीच्या हद्दीत येतच नाही, मग तिथे कोणी दाबलं?

राहिला जमिनीचा मुद्दा, छोट्या अँटेनाने ती वाचते का? नेहमीच्या ग्राउंड सिस्टीममध्ये टॉवरच्या पायथ्यापासून 120 तांब्याच्या तारा चहूबाजूंनी पुरलेल्या असतात, 1240 वर प्रत्येक साधारण 60 मीटर, म्हणजे 120 मीटर व्यासाचं मैदान. किनस्टारलाही ते लागतंच, उलट बुटक्या अँटेनाला जमिनीतला लॉस जास्त नडतो, त्यामुळे तारांवर काटकसर करायची तर तिथे मुळीच करू नये. वाचते ती उंची, मग विमानांसाठीचे दिवे, रंगकाम, शेजाऱ्यांचा विरोध हे बरंचसं टळतं, आणि जुन्या टॉवरची जागा गेलेल्या स्टेशनला उंचीवर बंधन असलेल्या नव्या गावात शिरायला एवढं पुरतं.