खुलासा: जेम्स कारव्हिल यांचं एलएसयू-प्रेम मतांसाठीचं सोंग नाही

'डेमोक्रॅट माणूस टीव्हीवर एलएसयूची (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीची) टोपी घालून बसतो, ते दक्षिणेतल्या मतांसाठी,' असं अमेरिकेच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या जेम्स कारव्हिल यांच्याबद्दल बोललं जातं. हे साफ चूक आहे.

मुळात ते उमेदवार नव्हेत, रणनीतीकार. १९९२ मध्ये बिल क्लिंटन यांचा प्रचार आखण्याच्या कितीतरी आधीपासून ते एलएसयूचे आहेत. बालपण मिसिसिपीकाठच्या, घराण्याचंच नाव असलेल्या कारव्हिल गावात गेलं. तिथून एलएसयूचं शहर बॅटन रूज जवळच. पदवी आणि वकिलीचं शिक्षण एलएसयूतच झालं. शनिवारी रात्री एलएसयूच्या अमेरिकन फुटबॉलच्या टायगर स्टेडियममध्ये जांभळ्या-सोनेरी कपड्यांतली लाखभर माणसं घसा फोडून ओरडतात. तिथं शेजारच्याचा पक्ष कोण विचारतो? आणि कारव्हिल यांच्या पत्नी मेरी मॅटलिन तर त्याच १९९२ मध्ये क्लिंटन यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी थोरले बुश यांच्या प्रचारात होत्या!

'ते आता उदारमतवादी राहिले नाहीत' हेही खोटं. २०२१ मध्ये त्यांनी स्वपक्षाच्या प्राध्यापकी भाषेवर सडकून टीका केली, ती सामान्य माणसाला कळत नाही म्हणून. २०२४ मध्ये त्यांचा पाठिंबा कमला हॅरिस यांनाच होता.