एक खांदा, दोन गुरू

माझ्या डाव्या खांद्याने असहकार पुकारला त्याला आता बरेच महिने झाले. आधी पाठीमागचे हुक गेले, मग आंबाडा, मग बसमधला वरचा दांडा. हाडांच्या डॉक्टरांनी हात जरासा बाहेरच्या बाजूला वळवला, मी छताकडे बघून माहेरच्या कुलदैवताला हाक मारली आणि निदान झालं: फ्रोझन शोल्डर. चाळिशी ते साठीच्या दरम्यान होतो, बायकांना जास्त, मधुमेह असेल तर आणखी जास्त. म्हणजे खांदा दाखवायला गेले आणि साखरेची तपासणी लिहून घेऊन आले.

“बहुतेकदा आपोआप बरा होतो,” डॉक्टर म्हणाले. मी हरखले.

“एक ते तीन वर्षांत.”

तोवर फिजिओथेरपी. तिथली मुलगी माझ्या भाचीच्या वयाची, चुणचुणीत, गोड बोलणारी आणि निर्दय. तिच्याकडे गोनिओमीटर नावाचं हत्यार असतं. शाळेच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाला लांब पाय फुटले तर कसं दिसेल, तसं. पहिल्या दिवशी माझा हात बाजूने ७० अंशांवर अडकला. तेव्हापासून घरी हे रोज विचारतात, “आज किती अंश?” चहा घेतलास का, हे नंतर.

भिंतीवरच्या छोट्या लाकडी शिडीवर बोटांनी चढायचं, कप्पीच्या दोरीने धडधाकट हाताने आजारी हाताला वर ओढायचं, वाकून हात लोंबता सोडायचा आणि हळूहळू गोल फिरवायचा. “काकू, दहापर्यंत होल्ड!” दहा ती मोजणार. सातपर्यंत तिचे आकडे ठीक असतात. आठ फार लांबतो आणि नऊ तर येतच नाही.

योगवर्ग माझा जुना, तोही सोडवेना. आमचे सर अय्यंगार पद्धतीचे. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले आणि पुण्याचेच झाले, त्यामुळे इथे दर दोन गल्ल्यांआड कुणीतरी पट्टे, लाकडी विटा, बोल्स्टर आणि भिंतीतले दोर घेऊन कुणाला तरी सरळ करत असतं. सरांना आकड्यांचा तिटकारा. “मोजू नका. श्वास बघा. शरीर काय म्हणतंय ते ऐका.” माझं शरीर त्या वेळी जे म्हणत होतं, ते चारचौघांत ऐकवण्यासारखं नव्हतं.

मग माझा पोस्टमन झाला. “तुमच्या सरांना सांगा, सध्या सूर्यनमस्कार नको, हातांवर भार नको.” सर म्हणाले, “मी कुठे सांगितलेत? तिला म्हणावं, खांदा कानापाशी नेऊन हात वर गेला, तर तो वर गेला असं धरू नये.” हे सांगितल्यावर ती उसळलीच. “काकू, रोज मी दुसरं काय ओरडते?”

एका संध्याकाळी तिने टॉवेल हातात दिला. चांगला हात वरून पाठीमागे, दुखरा खालून, आणि वरच्याने टॉवेल हळूच ओढायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी पट्टा दिला: गोमुखासनातले हात. तीच पाठ, तेच कोपर, तेच “आई गं”. फक्त तिकडे दहा आकडे आणि इकडे लांब उच्छ्वास. मी गुपचूप दोन्ही एकत्र करून पाहिलं. श्वास सोडताना ओढलं की स्नायू आवळून धरत नाही आणि हात बोटभर जास्त सरकतो. मोठ्या ऐटीत तिला सांगितलं. “श्वास रोखू नका, हे पहिल्या दिवसापासून सांगतेय मी.” मग सरांना सांगितलं की ती आधी शेकते आणि मगच ताण देते. “मग? थंड अंग कोण ताणतं?” दोघं एकमेकांना कधी भेटलेले नाहीत, पण त्यांचं छान जमतं. मतभेद काय तो माझ्या खांद्याचा.

परवा गोनिओमीटरने १४५ दाखवले. तिने टाळ्या वाजवल्या. सर “आकडा सोडा” म्हणाले, पण मिशीतल्या मिशीत हसले. शेजारणीने सगळं श्रेय तिच्या निर्गुडीच्या तेलाला दिलं. बाटली अजून सीलबंद आहे, हे मी बोलले नाही.

ह्यांना मात्र मी ९० सांगितलेत. माळ्यावरचे डबे, पंखे पुसणं, पडदे काढणं-लावणं ही खाती सध्या त्यांच्याकडे आहेत, आणि दिवाळी तोंडावर आली आहे.